'वयोमानानुसार' हा शब्द रिपोर्टमधून काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात 'एका स्कॅनमध्ये कळणार अल्झायमर' हा मथळा वाचला. तो चुकीचा आहे. कितीतरी घरांत आज सकाळपासून आईला किंवा वडिलांना कोणत्या सेंटरला न्यायचे याची फोनाफोनी सुरू झाली असेल, म्हणून थांबून न राहता लगेच लिहिते आहे.

एमआरआयमध्ये अल्झायमर दिसत नाही. दिसतो तो मेंदूचा आकार. कुठला भाग आकसला, किती आकसला, दोन्ही बाजूंना सारखा की एका बाजूला जास्त, एवढे त्यातून कळते. या आजारात मेंदूत साचणारे अमिलॉइड नावाचे प्रथिन एमआरआयला दिसत नाही. विसराळूपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा एमआरआय आपण करतो तो आधी अल्झायमर सोडून दुसरे काही आहे का हे पाहण्यासाठी. कवटीखाली हळूहळू साचलेले जुने रक्त असू शकते, कपाळामागे वर्षानुवर्षे वाढलेली मेनिन्जिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणाची, गाठ असू शकते, न कळता येऊन गेलेल्या छोट्या झटक्यांचे व्रण असू शकतात, मेंदूतल्या पाण्याने फुगलेल्या पोकळ्या असू शकतात. यांतल्या काहींवर चांगले उपचार आहेत. तुमच्या बातमीत याबद्दल एक वाक्य नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

एक रिपोर्ट माझ्या डोक्यातून जात नाही. साठी ओलांडलेल्या एका बाईंचा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवी आवरत नाही, आणि विसरणे. ही तीन लक्षणे एकत्र आली की नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा आजार, शोधायचा हे रेडिऑलॉजीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. पण चिठ्ठीवर 'एमआरआय ब्रेन' एवढे दोनच शब्द होते. चालण्याबद्दल काही नाही, लघवीबद्दल काही नाही. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ: वयोमानानुसार मेंदू आकसला असून पोकळ्या त्या प्रमाणात मोठ्या झाल्या आहेत. त्या एका ओळीवर घरच्यांनी दीड वर्ष काढले. वय झाले म्हटल्यावर माणूस दुसरे काय करणार?

दीड वर्षाने तीच सीडी पुन्हा उघडली गेली. नवा स्कॅन लागला नाही, सगळे त्या जुन्या चित्रांत होते. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांसारख्या टोकांची रुंदी ४७ मिलिमीटर, त्याच कापावर कवटीची आतली रुंदी १२४ मिलिमीटर. भागाकार ०.३८. याला इव्हान्स इंडेक्स म्हणतात आणि ०.३ च्या वर गेला की पोकळ्या मोठ्या समजायच्या. पण हा आकडा एकटा पुरत नाही, कारण मेंदू खरोखर आकसला तरी पोकळ्या रुंदावतात आणि आकडा तसाच वाढतो. फरक कळतो तो माथ्याजवळ. मेंदू आकसला असेल तर माथ्याकडच्या घड्यांमधल्या खाचाही मोकळ्या होतात. या बाईंच्या चित्रात त्या खाचा दाटून बंद झालेल्या होत्या आणि खाली कानशिलाकडची सिल्व्हियन खाच मात्र रुंद होती. वर दाटी आणि खाली मोकळीक, ही ठेवण वयाने येत नाही.

उरला तो कॅलोसल कोन. तो आडव्या कापावर मोजता येत नाही. त्यासाठी समोरून घेतलेला, म्हणजे कोरोनल काप लागतो, तोही मेंदूतल्या दोन खुणांना जोडणाऱ्या एसी-पीसी रेषेला काटकोनात आणि त्यातल्या मागच्या खुणेच्या, म्हणजे पोस्टेरिअर कमिशरच्या, पातळीवर. डाव्या-उजव्या पोकळ्यांच्या मध्ये, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या खाली जो कोन होतो तो एरवी शंभराच्या वर असतो. इथे तो ६८ अंश भरला. ९० च्या खाली गेला की नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलसचा विचार करायलाच हवा. फिल्मवर फक्त पाच मिलिमीटरचे आडवे काप छापले होते, म्हणून हा कोन कुणी पाहिलाच नाही. पण टेक्निशियनने एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन, म्हणजे कुठल्याही दिशेने काप काढता येईल असा पूर्ण मेंदूच्या चित्रांचा संच, घेऊन ठेवला होता. तो नसता तर त्यांना पुन्हा मशीनमध्ये घ्यावे लागले असते. त्यातून हवा तो काप काढायला दोन मिनिटे लागतात.

पुढे पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल घड्याळ लावून तपासतात. चाल सुधारली तर डोक्यातले पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट, उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. त्यांना शंट बसला. पाय सुटले, लघवीचाही त्रास कमी झाला. स्मरणशक्ती मात्र फारशी परतली नाही. या आजारात चाल लवकर सुधारते आणि स्मृती सर्वांत कमी, त्यातही उशीर जितका जास्त तितका फायदा कमी. म्हणून ती एक ओळ मला अजूनही बोचते.

'वयोमानानुसार' हा शब्द रिपोर्टमध्ये लिहिणे बंद झाले पाहिजे. त्याऐवजी आकडे लिहा. कानशिलामागच्या हिप्पोकॅम्पससाठी, म्हणजे आठवणींशी संबंधित भागासाठी, तो किती आकसला हे सांगणारी शेल्टन्स यांची ० ते ४ अशी एमटीए मोजपट्टी १९९२ पासून उपलब्ध आहे आणि तिला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या कोरोनल कापावर तीन गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या: शेजारची कोरॉइड फिशर ही खाच किती रुंदावली, टेम्पोरल हॉर्न हे पोकळीचे टोक किती उघडले आणि हिप्पोकॅम्पसची उंची किती कमी झाली. डावा आणि उजवा यांचे आकडे वेगळे द्यायचे. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त आला तर तो वयाच्या माथी मारता येत नाही. पंचाहत्तरीनंतर ही मर्यादा ३ धरतात. पांढऱ्या भागातल्या डागांसाठी फाझेकासची ० ते ३ आणि मागच्या पराएटल भागासाठी कोडामची ० ते ३. न्यूरॉलॉजिस्टला या चार-पाच आकड्यांतून जे कळते ते तीन परिच्छेदांच्या इंग्रजीतून कळत नाही.

पराएटल भागाचा आग्रह एवढ्यासाठी की पन्नाशी-साठीत सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस बऱ्याचदा जवळजवळ ठीक असतो आणि आकसतो तो मागचा भाग. अशा माणसाला विसरण्याआधी दिसण्याचा त्रास होतो. वाचताना ओळ सुटते, समोर ठेवलेली किल्ली सापडत नाही, आणि चष्म्याचा नंबर तीनदा बदलून होतो. फक्त हिप्पोकॅम्पस पाहून 'नॉर्मल' लिहिले की हा माणूस पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. आणि बिघाड महिन्यांऐवजी आठवड्यांत होत असेल तर डिफ्यूजन या एमआरआयच्याच एका प्रकाराची चित्रे बारकाईने पाहिलीच पाहिजेत. सीजेडी या झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूच्या आजारात मेंदूची कड फितीसारखी चमकते, आणि बाकीच्या चित्रांत ते सहज निसटते.

आता स्कॅनच्या टेबलावर काय बिघडते ते सांगते, कारण बातमीत मशीन सगळे आपोआप करते असा सूर आहे. थ्रीडी टी-वनला चार ते सहा मिनिटे लागतात आणि त्या सगळ्या वेळात पूर्ण मेंदूची माहिती एकत्र गोळा होत असते. मध्येच मान हलली तर एखादा काप बिघडत नाही, सगळेच काप धूसर होतात. म्हणून हा सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचा हा संच, सुरुवातीलाच घ्यायचा, पेशंट ताजा असताना. बऱ्याच ठिकाणी तो शेवटी ठेवतात, तोवर पंचवीस मिनिटे झालेली असतात आणि बिचारा माणूस उठायला बघत असतो. आत नेण्याआधी लघवीला नेऊन आणा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या घट्ट बसवा. काढता येणारी कवळी काढा. कानाचे यंत्र काढावेच लागते, पण काय करायचे ते समजावून झाल्यावर काढा. आधी यंत्र काढून मग 'हलू नका' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला एकदा सांगितलेले पाच मिनिटांनी आठवत नाही, म्हणून प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी 'आता चार मिनिटे' असे पुन्हा सांगायचे. मुलगी किंवा सून आत पाय धरून बसली तर निम्मे काम होते. तिच्या अंगावर धातू नको आणि तिच्याही कानांत बोळे हवेत. झोपेचे इंजेक्शन हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

एसडब्ल्यूआय हा सिक्वेन्स वेळ वाचवायला गाळू नका. रक्ताचे बारीक ठिपके त्यात सर्वांत चांगले दिसतात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबसारख्या अमिलॉइड काढणाऱ्या औषधांनी मेंदूला सूज येऊ शकते आणि बारीक रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर ठरावीक अंतराने एमआरआय करावा लागतो. असे ठिपके चारपेक्षा जास्त असलेल्यांना त्या औषधाच्या चाचण्यांत घेतलेच नव्हते.

पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून घेतलेली चित्रे, यासाठी दोन प्रकारचे असतात, आणि बातमीत त्यांची सरमिसळ झाली आहे. एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते कळते. अल्झायमरमध्ये मागचा सिंग्युलेट, प्रीक्युनिअस आणि पराएटल-टेम्पोरल भाग मंद पडतात, फ्रंटोटेम्पोरल या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात पुढचे, लेवी बॉडी या तिसऱ्या प्रकारात अगदी मागचा ऑक्सिपिटल भाग. अमिलॉइड पेटमध्ये साचलेले अमिलॉइड दिसते. पण स्मरणशक्ती उत्तम असलेल्या कित्येक वृद्धांचाही अमिलॉइड पेट पॉझिटिव्ह येतो. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीच्या निरोगी वाचकांनी 'एकदा करून घेऊ' म्हणून ही तपासणी करू नये. निगेटिव्ह आला तर मात्र त्या माणसाचे विसरणे अल्झायमरचे नसावे हे बऱ्याच खात्रीने सांगता येते, आणि त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

एफडीजीसाठी चार ते सहा तास पोट रिकामे हवे. रक्तातली साखर वाढलेली असेल तर औषध मेंदूत कमी जाते आणि चित्र फिके येते, म्हणून मधुमेहींनी गोळ्या-इन्सुलिनचे आधी विचारून घ्यावे. इंजेक्शनच्या आधी आणि नंतरचा अर्धा तास मंद प्रकाशाच्या शांत खोलीत बसायचे. बोलायचे नाही, मोबाइल पाहायचा नाही. पेशंटला बसवतात त्या खोलीत भिंतीवर टीव्ही मोठ्या आवाजात चालू असतो, हे मी एकाहून अधिक सेंटरांत पाहिले आहे. डोळे टीव्ही पाहतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग काम करतो आणि साखर ओढतो. लेवी बॉडी शोधायला नेमका तोच भाग पाहायचा असतो. टीव्ही बंद करायला पैसे लागत नाहीत. आणि वेळेवर पोहोचा: टोचायच्या औषधातले किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, दोन तास उशीर झाला तर तुमच्या नावाचा डोस अर्ध्याच्याही खाली गेलेला असतो.

कंपवाताबद्दल एवढेच, की त्यात साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. मेंदूतली डोपामाइनची केंद्रे दाखवणाऱ्या ट्रोडॅट स्कॅनमध्ये स्वल्पविरामासारखा आकार जाऊन ठिपका उरतो, पण हा साधा कंपवात की त्याच्यासारखे दिसणारे पीएसपी किंवा एमएसए हे आजार, हे तो स्कॅन सांगत नाही.

बातमीतल्या छायाचित्राबद्दलही लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाली ओळ आहे 'अल्झायमरग्रस्त मेंदूचा एमआरआय'. तो एमआरआय नाही, सीटी आहे. कवटीचे हाड पांढरेशुभ्र दिसते ते सीटीत. एमआरआयमध्ये तेच हाड काळे येते. शिवाय मजकुरात 'एमआरआयचे किरण' असे दोनदा छापले आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. किरणांच्या भीतीने तपासणी नाकारणारी माणसे याच शहरात आहेत, आणि ती तुमचाच पेपर वाचतात.

दुरुस्ती छापावी, ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. मथळा जिथे होता तिथेच छापावी. आणि त्यात वाचकांना एवढे सांगावे की सेंटरमधून निघताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, ती जपून ठेवा, आणि चिठ्ठीवर चालणे, लघवी, विसरणे किती दिवसांपासून, हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय स्कॅनला जाऊ नका.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
रेडिऑलॉजिस्ट, पुणे