आधी खिडकीतल्या माणसाला शिकवा

मा. संपादक,
स. न.

युरोपीय महासंघातल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावरचा रविवार पुरवणीतला लेख काल वाचला. महासंघाचा कायदा मोडल्याची नोटीस ब्रसेल्सहून, म्हणजे महासंघाच्या आयोगाकडून आली की सदस्य देशाच्या अधिकाऱ्यांनी काय करावं, मुदत कशी सांभाळावी, चार खात्यांकडून माहिती कशी गोळा करावी, कोर्टात कसं उभं राहावं, हे सगळं तिकडे रीतसर शिकवतात म्हणे. लेखकमहाशय इतके भारावले आहेत की शेवटी ‘आपले बाबू हे कधी शिकणार?’ असा ठरलेला सवाल टाकल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. मी बरीच वर्षं याच महासंघातल्या एका देशात राहते. देशाचं नाव लिहीत नाही, माझं वास्तव्याचं कार्ड अजून त्यांच्या हातात आहे. पण तिथल्या सरकारी कचेरीच्या खिडकीच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या बाईचंही थोडं छापा.

पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की आमच्यासारख्या बाहेरच्यांना दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मागता येतो. २००३ च्या डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेल्या महासंघाच्या निर्देशात, ते स्पष्ट आहे. त्यात हेही स्पष्ट आहे की मधल्या काळात तुम्ही सलग सहा महिन्यांपेक्षा कमी आणि पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहिलात, तर मोजणी तुटत नाही. तेवढे दिवस पाच वर्षांतच धरायचे. माझी आई चिपळूणला आजारी होती, तिच्यासाठी मी गेले. डायरेक्टिव्हचा कागद समोर ठेवूनच विमानाची तिकिटं काढली होती आणि सहा महिने व्हायच्या बऱ्याच आधी परत आले.

खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उलटा धरून शिक्के बघितले, पेन्सिलीने एकावर खूण केली आणि म्हणाल्या, “इथे खंड पडलाय. मोजणी परतल्या दिवसापासून नव्याने.” मी कागद पुढे केला, कलम ४ वर पिवळी खूण होती. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. काचेला आतून चिकटवलेल्या, लॅमिनेट केलेल्या एका तक्त्यावर बोट ठेवलं. “आम्ही यावरून चालतो. तुमचं ते ब्रसेल्सचं आहे.” तक्त्याचा एक कोपरा सुटला होता, त्यावर शेवटची दुरुस्ती कधीची ते पेनने लिहिलेलं होतं आणि ते पुसट झालं होतं. वरिष्ठांना भेटता येईल का विचारलं, तर वरिष्ठ प्रशिक्षणाला गेले होते. कसल्या प्रशिक्षणाला, हे विचारायचं भान तेव्हा राहिलं नाही. आता आपला लेख वाचून उगाच शंका येते.

“तुमचं ते ब्रसेल्सचं आहे” या वाक्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. कारण कायदा नेमका उलटा आहे, आणि तो आजचा नाही. १९८९ साली इटलीतल्या मिलान महापालिकेच्या एका प्रकरणात लक्झेंबर्गच्या, म्हणजे महासंघाच्या न्यायालयाने निकाल दिला. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी स्टेडियमचं काम काढलं होतं आणि एका ठेकेदाराची निविदा पालिकेने बाद केली होती. न्यायालयाने सांगितलं की डायरेक्टिव्हमधली नेमकी आणि बिनशर्त तरतूद पाळायला महापालिकेसकट सगळी प्रशासनं बांधील आहेत, आणि देशाचा कायदा तिच्या आड येत असेल तर तो त्यांनी बाजूला ठेवायचा. म्हणजे हे फक्त मंत्रालयातल्या वकिलांना लागू नाही, माझ्या समोरच्या काचेमागच्या बाईंनाही आहे. ३५ वर्षं उलटून गेली. त्यांच्यापर्यंत तक्ता पोचला, निकाल नाही पोचला.

आपल्या लेखकांनी मास्ट्रिख्टच्या संस्थेचं कौतुक केलंय. करावं, १९८१ पासून ती युरोपभरच्या अधिकाऱ्यांना शिकवते आहे. पण तिथे जातो कोण? राजधानीतला विधी सल्लागार, परराष्ट्र खात्यातला अवर सचिव. त्यांना नोटिशीचा प्रवास शिकायचा असतो. आधी आयोगाचं औपचारिक पत्र, ज्याला साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. ते पटलं नाही तर कारणांसहित मत. तरीही सुधारणा नाही तर महासंघाच्या कराराच्या कलम २५८ खाली न्यायालय. आणि निकालही पाळला नाही तर कलम २६० खाली दंड. या सगळ्यात वर्षं जातात. अशी वर्षं काढायला शिकलेला माणूस सरकारला फार उपयोगी, हे सांगायला मास्ट्रिख्ट कशाला, आमच्या तालुक्याच्या कचेरीतही ते ज्ञान मुबलक आहे.

ग्रीसचंच बघा. क्रीट बेटावर खानियाजवळ एका ओढ्याच्या तोंडाशी कचरा टाकला जायचा. १९९२ साली ग्रीस हरला. नवी जागा शोधली की लोक विरोध करतात, ही सबब न्यायालयाने तेव्हाच फेटाळली होती (उरुळी देवाचीचा कचराडेपो आठवणाऱ्या वाचकांना ही सबब नवी नाही). तरी डेपो चालूच. शेवटी २००० साली दिवसाला २० हजार युरो दंड लागला, महासंघाच्या इतिहासातला असा पहिला दंड. मधली आठ वर्षं ग्रीसच्या अधिकाऱ्यांना काय उत्तर लिहिता येत नव्हतं? उत्तरंच लिहीत होते. आणि २०२४ च्या जूनमध्ये हंगेरीला आश्रय मागणाऱ्यांच्या प्रकरणात २० कोटी युरो, वर निकाल पाळेपर्यंत दिवसाला १० लाख युरो लागले, ते काय तिथल्या बाबूंचा कोर्स राहून गेला म्हणून? वरून पाळायचंच नाही असं ठरलं की खालच्या अधिकाऱ्याला शिकवून काय होणार.

पण जिथे वरून मनाई नाही, फक्त खालपर्यंत कळवायचा कंटाळा आहे, तिथे शिकवण्याचा उपयोग आहे, आणि नेमकं तिथेच कोणी शिकवत नाही. माझ्यासारख्यांच्याच कार्डांचं उदाहरण देते. नेदरलँड्स या अर्जांसाठी १८८ ते ८३० युरो फी घेत असे. तिथल्या नागरिकाला ओळखपत्र ३० युरोत मिळायचं. आयोगाने खटला भरला आणि एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही फी अवाजवी आहे, हक्क देऊन दारात अडवण्यासारखी आहे. झालं ना स्पष्ट? मग इटलीने ८० ते २०० युरो घेणं थांबवायला हवं होतं. तिथे ओळखपत्राला दहाएक युरो पडत. नाही थांबवलं. कामगार संघटनांना तिथल्या कोर्टात जावं लागलं, त्या कोर्टाने लक्झेंबर्गला विचारलं, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तेच उत्तर पुन्हा मिळालं. एका देशावरचा निकाल शेजारचा देश वाचत नाही. खिडकीवरचा माणूस तर स्वतःच्या देशावरचाही वाचत नाही. त्याला कोणी दिलेलाच नसतो.

आयोगाकडे तक्रार करा, असं लेखात चौकट टाकून सुचवलंय. फॉर्म फुकट आहे, वकीलही लागत नाही, खरं आहे. पण पुढचं लिहायचं राहिलं. ती तक्रार पुढे न्यायची की नाही हे आयोग ठरवतो, तक्रारदार त्याला भाग पाडू शकत नाही. शिवाय खटला देशावर चालतो. देश हरला तर पुढे कधीतरी तो तक्ता बदलेल, माझ्या पासपोर्टावरची पेन्सिलची खूण काही त्याने खोडली जाणार नाही. त्यासाठी मला इथल्याच कोर्टात जावं लागेल, इथल्याच वकिलाचे तासाचे दर मोजून.

लेखातली एक चूक मात्र सोडवत नाही. या सगळ्या खटल्यांसाठी ‘स्ट्रासबर्गच्या न्यायालयात’ असं दोन ठिकाणी छापलंय. स्ट्रासबर्गला मानवी हक्कांचं न्यायालय आहे, ते महासंघाचं नव्हेच, ते युरोप परिषदेचं. महासंघाचं न्यायालय लक्झेंबर्गला बसतं. ज्यांच्या प्रशिक्षणावर पाऊण पान लिहायचं ते कुठल्या गावच्या कोर्टात उभे राहतात एवढं तरी पुरवणीच्या टेबलावर कोणी तपासायला हवं होतं. पूर्वी आपल्याकडे मुद्रितशोधक असत. हल्ली कोण असतं, कळवावं.

फीचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या ई-पेपरची वर्गणी भारतातल्या वाचकाला वर्षाला जेवढी, तेवढी आम्हा परदेशातल्यांना तीन महिन्यांत मोजावी लागते. पानं तीच, पहिल्या पानावरची सदनिकांची जाहिरातही तीच. याचा खुलासा दोनदा मागितला, दोन्ही वेळा ‘आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो’ असं छापील उत्तर आलं. उत्तर झकास होतं. वर्गणीचं काय ते कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक
(मूळ चिपळूण, सध्या युरोप. नाव छापू नये, कारण वर दिलं आहे.)