दुपटं धुऊ नका म्हणालात, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं तर मुलगी कोण हेही लोक शोधून काढतील, आणि तसं होऊ द्यायचं नसतं हे तुम्हीच मला शिकवलंत. परवा ती तिच्या आईकडे परत गेली. खोली आवरायला घेतली, पण हात चालेनात. म्हणून लिहायला बसले.

तिची केस तुमच्याकडे होती. तुम्ही तिला आमच्या घरी घेऊन आलात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. सात वर्षांची पोर, तुमच्यामागे अर्धी लपलेली. मी आपली पाणी देऊ का, पलंग दाखवू का, अशी लगबग करत होते. तेवढ्यात तिने फ्रॉकच्या आतून, पोटाला गुंडाळलेलं ते दुपटं काढलं. कडा उसवलेल्या, मधोमध दुधाचा पिवळट डाग, वास आंबूस. मी ते उचललं आणि सवयीने मशीनकडे निघाले. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालात, "इतक्यात धुऊ नका हं. तिच्या भावाचं आहे. त्याचा वास आहे त्याला."

फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दुरावलेल्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळायला, नाव नोंदवलं तेव्हा आम्हाला खूप काही शिकवलं होतं. औषधं कुठे ठेवायची, गॅसचं बटण, खिडक्यांच्या कड्या. स्वच्छतेवर तर फारच भर. वास जपून ठेवायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता थोडं कडू बोलते. आमच्याआधी ती दोन घरांत आणि एका बालगृहात राहून आली होती. फाईलमधले शेरे माझे पाठ आहेत: हट्टी आहे. खाणं लपवते. शूज काढत नाही. शूज का काढत नाही, हे एकानेही लिहिलेलं नाही! रात्री-अपरात्री उठवून दुसरीकडे नेलेली मुलगी शूज घालूनच झोपणार की. एका घरात तिचं बाकीचं सगळं सामान 'जुनं' म्हणून टाकून दिलं. दुपटं वाचलं ते पोटाशी बांधलं होतं म्हणून. आणि तुमच्याआधी जे साहेब होते ते मोबाईलमधून मान वर न काढता, तिच्यादेखत विचारायचे, "काय, रुळली का?"

पुढे कधीतरी कुतूहल म्हणून मी १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार काढून वाचला. घरापासून दुरावलेल्या मुलाची दुसरीकडे सोय करताना त्याच्या संगोपनात सातत्य राहील याचा विचार व्हावा, असं त्याच्या २० व्या कलमात आहे. 'सातत्य' हा शब्द वाचला आणि मला तो दुधाचा डाग दिसला. अशा मुलांच्या संगोपनासाठी संयुक्त राष्ट्रांनीच २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये असंही म्हटलंय. हिच्या भावाला मात्र वेगळ्या घरी पाठवलं होतं, का तर एका जागी दोघांची सोय होत नव्हती. त्यावर कोणीसं मला म्हणालं होतं, तान्ह्याला कोणीही दत्तक घेईल, मोठीचंच अवघड. जणू दोघांचे हिशेब वेगळे! शेवटी दोघं एकाच आईकडे गेली, त्यात तुमची किती खटपट होती ते मला ठाऊक आहे. त्यातले कागद मला कळत नाहीत, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

चांगलं माणूस ओळखायची माझी आता एकच खूण झालीय. खोलीत शिरल्यावर ते आधी कोणाकडे बघतं? तुम्ही दर वेळी आधी तिच्याकडे बघायचात, मग फाईलकडे. घर बघायला तर तुम्ही विसरायचातच. मी एवढं आवरून ठेवायचे, सगळं वाया.

एक गोष्ट तुम्हाला फोनवर धड सांगता आली नव्हती. सहाव्या महिन्यात एका दुपारी ती दुपटं घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आता धुवूया." मी विचारलं, नक्की? तर म्हणाली, वास गेलाय, आता नुसतं मळलंय. स्वतःच्या हाताने तिने ते मशीनमध्ये टाकलं आणि समोर मांडी घालून बसली. काचेतून ते फिरताना दिसत होतं. मशीन थांबेपर्यंत ती उठली नाही, मग मीही तिच्या शेजारीच बसून राहिले. त्या रात्री शूज दाराशी होते.

जाताना दुपटं तिने बरोबर नेलं. शूज लहान झालेत, ते इथेच आहेत. मी टाकलेले नाहीत. तुम्ही तिला भेटायला जाल तेव्हा एकदा विचारा, हवेत का.

तुमची,
तिची मधली आई