नव्या मोटारसायकलची सर्व्हिसिंग : बरोबरच्या खुणा पुरेत, आता आकडे द्या

संपादक महोदय,

नवी मोटारसायकल पहिल्या सर्व्हिसिंगनंतर ताब्यात घेताना मालकाला एक जॉब कार्ड मिळते. त्यावर पंधरा-वीस कामांची यादी असते आणि प्रत्येक कामासमोर बरोबरची खूण असते. त्या खुणेमागे काम खरोखर झाले आहे की नाही, हे ताडून पाहण्याची कोणतीही सोय मालकाकडे नसते, आणि ती असावी असे विक्रेत्यांना किंवा कंपन्यांना वाटत असल्याचेही दिसत नाही. हा प्रश्न एका गाडीचा किंवा एका सर्व्हिस सेंटरचा नाही, म्हणूनच तो या स्तंभातून मांडत आहे.

माझी शंका कशी सुरू झाली ते आधी सांगतो. गाडी धुऊन-पुसून, प्लॅस्टिकच्या भागांना पॉलिश मारून चकचकीत अवस्थेत परत मिळाली. मात्र पाण्याचा फवारा सहसा जिथे पोचत नाही, त्या इंजिनाच्या तळाकडे वाकून पाहिले असता जुने ऑइल काढण्यासाठी असलेल्या ड्रेन बोल्टभोवती मातीचा वाळलेला थर अखंड होता. बोल्टच्या षटकोनी डोक्यावर पाना लागल्याची चमकही नव्हती. मागच्या चाकाच्या ॲक्सलमधील स्प्लिट पिनेची (नट सैल होऊ नये म्हणून आरपार घालून वळवलेल्या पिनेची) टोके कारखान्यातून आली तशीच वळलेली होती आणि त्यांच्या खाचेत धूळ बसलेली होती. जॉब कार्डावर मात्र ‘ऑइल व फिल्टर बदलले’ आणि ‘चेन ॲडजस्ट केली’ या दोन्ही ओळींसमोर ठसठशीत खुणा होत्या. सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारले, तर उत्तर मिळाले, “साहेब, कार्डावर टिक आहे ना, म्हणजे काम झालेलेच असणार.” ज्या कागदाच्या खरेपणाविषयी शंका आहे, तोच कागद पुरावा म्हणून पुढे केल्यावर पुढे काय बोलावे, हे मला सुचले नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगबद्दल एवढा आग्रह कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. बहुतेक उत्पादक ही सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगतात, कारण याच काळात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी आणि गिअरचे दाते एकमेकांशी जुळून येत असतात. या जुळण्याच्या प्रक्रियेत धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते ऑइलमध्ये मिसळतात. नव्या गाडीचे पहिले ऑइल उन्हात धरून पाहिले, तर त्यात रुपेरी झाक दिसते, ती याच कणांची. बहुतांश मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. त्यामुळे ते ऑइल वेळेवर काढले नाही, तर इंजिनात सुटलेले कण गिअरच्या दातांतून आणि बेअरिंगमधून फिरत राहतात. फिल्टर त्यांतील बरेचसे अडवतो हे खरे, पण तोही भरत जातो, आणि फिल्टर फारच तुंबला तर ऑइलपुरवठा खंडित होऊ नये म्हणून ठेवलेल्या बायपासच्या वाटेने ऑइल न गाळताच पुढे जाते. पुढची कोणतीही सर्व्हिसिंग आठ-पंधरा दिवस पुढे ढकलली तर चालून जाते. हीच एक चुकवता येत नाही.

ऑइलच्या बाबतीत शंका घेताना मालकांनीही थोडे सबुरीने घ्यावे, असे मला वाटते. साइट ग्लासमधून (इंजिनावरील तपासणीच्या काचेतून) किंवा डिपस्टिकवर (पातळी पाहायच्या कांडीवर) ऑइल काळसर दिसले की अनेकजण लगेच ‘बदललेच नाही’ असा निष्कर्ष काढतात. ते नेहमी बरोबर नसते. ड्रेन बोल्ट उघडून ऑइल काढले, तरी इंजिनाच्या अंतर्गत वाटांमध्ये आणि क्लचच्या प्लेटांमध्ये जुने ऑइल काही प्रमाणात शिल्लक राहतेच. म्हणूनच मॅन्युअलमध्ये साधारणतः तीन वेगवेगळी मापे दिलेली असतात : नुसते ऑइल बदलल्यास किती, फिल्टरसह बदलल्यास किती आणि इंजिन पूर्ण उघडल्यास किती. तेव्हा नवे सोनेरी ऑइल आतल्या शिल्लक ऑइलात मिसळून लगेच थोडे गडद दिसू शकते. याउलट नुसत्या रंगावर समाधान मानणेही धोक्याचे आहे, कारण फिल्टर तसाच ठेवून केवळ ऑइल बदलले, तरी वरून दिसणारा रंग छानच असतो. खरी माहिती मिळते ती बिलावरील मापातून. पहिल्या दोन मापांत पुष्कळदा शंभर-दोनशे मिलिलीटरचाच फरक असतो, आणि बिलावर फिल्टर लावलेला असून ऑइलचे माप मात्र बिनफिल्टरचे असेल, तर विचारणा करायला जागा आहे.

ऑइल कोणते घातले, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. मोटारगाडीसाठीच्या काही ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला ती मानवत नाहीत आणि क्लच घसरू लागतो. याच अडचणीमुळे जपानच्या वाहन उद्योगाने १९९८ साली चारस्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी ‘जासो’ या जपानी वाहन-मानक संस्थेचे स्वतंत्र मानक आणले. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ अशी अक्षरे दिसतात ती त्याचीच. आता ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल सीलबंद डब्याऐवजी मोठ्या पिंपातून मापाने ओतले जाते, तिथे ही अक्षरे मालकाला दिसणार कुठे? पिंपातील ऑइल वाईटच असते असे मुळीच नाही, उलट मोठ्या केंद्रांना तेच सोयीचे असते. पण अशा वेळी बिलावर ‘इंजिन ऑइल’ एवढे दोनच शब्द न लिहिता त्याची घट्टता आणि श्रेणी लिहिली पाहिजे.

चेनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. अनेक गाड्यांमध्ये चेनची ढील खालच्या पट्ट्याच्या मधोमध मोजली असता सुमारे २५ ते ३५ मिलिमीटर असावी, असे मॅन्युअल सांगते, अर्थात प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. ढील जास्त असेल तर चेन फटके मारते. ती कमी असेल तर गिअरबॉक्सच्या बाहेरील शाफ्टच्या बेअरिंगवर सतत ताण येतो, आणि तो चालवणाऱ्याला कित्येक महिने जाणवतही नाही. ढील बदलायची तर ॲक्सलचा नट सैल करावा लागतो. ज्या गाड्यांना स्प्लिट पिन असते, तिथे ती काढावी लागते आणि जुनी टाकून नवी घालावी लागते. माझ्या गाडीची पिन हललेलीच नव्हती. आता यातून विक्रेत्याने फसवले असेच सिद्ध होते का? नाही. मेकॅनिकने ढील तपासली असेल, ती मापात सापडली असेल आणि म्हणून त्याने नटाला हात लावला नसेल, अशीही शक्यता आहे, आणि तसे असेल तर त्याने केले ते योग्यच केले. पण मग कार्डावर ‘ॲडजस्ट केली’ असे न लिहिता ‘तपासली, ढील ३० मिलिमीटर’ असे लिहिले असते, तर मला शंका घ्यायला कारणच उरले नसते. एवढ्या एका आकड्याने मालकाची शंका मिटते आणि मेकॅनिकच्या कामालाही दाद मिळते.

व्हॉल्व्हची फट, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंग म्हणतात, ती जिथे पहिल्याच सर्व्हिसिंगला सांगितलेली असते, तिथे तर घड्याळच साक्षीदार असते. ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजली जाते आणि धातू तापला की ती बदलते, म्हणून इंजिन थंड असतानाच फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, ती मोजायची असते. मालक तासभर गाडी चालवत येतो, गाडी लगेच रॅम्पवर चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात धुऊन बाहेर येते. एवढ्यात तापलेले इंजिन पूर्ण थंड कधी झाले, असा प्रश्न कोणाही जाणत्या माणसाला पडेल. तरीही त्या ओळीसमोर खूण असतेच. शिक्षकाने वही न उघडता प्रत्येक पानावर सही ठोकावी, तसा हा प्रकार आहे.

हे सारे मेकॅनिकच्या आळसावर ढकलून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. सुरुवातीच्या सर्व्हिसिंग मालकासाठी बहुधा मोफत असतात, म्हणजे मजुरी मालकाकडून न घेता विक्रेता ती उत्पादकाकडून ठरावीक दराने वसूल करतो. काम वीस मिनिटांत उरको किंवा दोन तास लागोत, विक्रेत्याला मिळणारी रक्कम तीच असेल, तर दिवसाला जास्तीत जास्त गाड्या बाहेर काढण्याकडे कल जाणार हे उघड आहे. धुणे आणि पॉलिश मात्र कधीच वगळले जात नाही, कारण मालकाला दिसते ते तेवढेच. दुसरीकडे, सर्व्हिसिंग ठरल्या वेळी अधिकृत केंद्रात झाल्याची नोंद असेल तरच वॉरंटी टिकते, अशी अट घातलेली असते. परिणामी नोंदीला कामापेक्षा अधिक किंमत आली आहे. नोंद झाली की विक्रेता सुटला आणि कंपनीही सुटली. काम न झाल्याने इंजिनाला जे काही व्हायचे ते हळूहळू, बहुधा वॉरंटी संपल्यावरच बाहेर येते. अलीकडच्या गाड्यांच्या मीटरवर सर्व्हिसिंगची आठवण देणारे चिन्ह येते आणि ते विझले की मालक निर्धास्त होतो. वस्तुतः ते चिन्ह एखादे बटण दाबून किंवा स्कॅनर जोडून विझवता येते, आणि त्यासाठी बोनटाएवढीही, म्हणजे मोटारसायकलच्या बाबतीत सीटएवढीही, गोष्ट उघडावी लागत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. जॉब कार्डावर ज्या ज्या कामात काही मोजले जाते, तिथे खुणेऐवजी मोजलेला आकडा लिहिण्याचा रकाना असावा : ऑइलचे माप व श्रेणी, चेनची तपासणीपूर्वीची आणि नंतरची ढील, दोन्ही टायरमधील हवेचा दाब, क्लच लिव्हरची मोकळी चाल, बॅटरीचे व्होल्ट आणि टॅपेट तपासले असल्यास दोन्ही व्हॉल्व्हची फट. खोटी खूण करायला विचार करावा लागत नाही. खोटा आकडा लिहिताना मात्र तो पडताळला जाऊ शकतो याची जाणीव लिहिणाऱ्याला असते. चेनची ढील कोणीही घरी पट्टीने मोजू शकतो, हवेचा दाब पेट्रोलपंपावर तपासता येतो, व्होल्ट साध्या मीटरवर दिसतात. त्याबरोबरच बदललेला जुना फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा जुना वॉशर न मागता मालकापुढे ठेवण्याची पद्धत हवी. वॉशर म्हणजे अगदीच किरकोळ वस्तू. पण तो चेपला जाऊनच सांधा बंद करतो, म्हणून बहुतेक मॅन्युअल तो दर वेळी नवा घालायला सांगतात, आणि चेपलेला जुना वॉशर हातात आला म्हणजे बोल्ट निदान उघडला तरी होता, एवढे कळते.

यावर विक्रेत्यांकडून वेळेचे कारण पुढे केले जाईल. पण जे मोजमाप खरोखर केले आहे, ते लिहायला काही क्षण लागतात; वेळ जाणार असेल तर तो मोजण्यात जाईल, आणि तो तर आजही जातच असला पाहिजे. मालकाला कामाच्या जागी प्रवेश न देण्याचे कारण सुरक्षिततेचे सांगितले जाते. ते मला पटते, कारण रॅम्प, गरम सायलेन्सर आणि सांडलेले ऑइल यांच्यामध्ये बाहेरच्या माणसाने वावरू नये. पण बाहेर काचेमागे बसून आपली गाडी पाहता यावी, किंवा जुने ऑइल काढतानाचे एक छायाचित्र मालकाच्या फोनवर पाठवावे, यात धोका कोणता?

ही व्यवस्था येईपर्यंत मालकांना थोडी खबरदारी घेता येईल. गाडी देण्यापूर्वी ड्रेन बोल्ट आणि इंजिनाच्या कवचावर मिळून एक बारीक रंगीत रेघ ओढावी व तिचे छायाचित्र घ्यावे; बोल्ट उघडून पुन्हा बसवला की रेघ तुटते किंवा पुसली जाते. किलोमीटरचा आकडा कार्डावर आपल्यासमोर लिहून घ्यावा. परत मिळताना गाडी तिथेच सपाट जागेवर सरळ उभी करून मॅन्युअलमधील पद्धतीप्रमाणे ऑइलची पातळी पाहावी. पातळी कमी असणे जसे घातक, तसे वरच्या रेषेपलीकडे भरणेही वाईट, कारण जादा ऑइल घुसळून त्याचा फेस होतो आणि ते एअर फिल्टरकडे ढकलले जाऊ शकते. शंका आलीच, तर स्वतः बोल्ट उघडायला जाऊ नये. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते, बोल्ट पोलादी असतो, आणि अंदाजाने आवळताना कवचाचे आटे गेले तर मूळ तक्रार बाजूला राहून दोष मालकाच्याच माथी येतो. त्याऐवजी लेखी तक्रार देऊन त्याच केंद्रात आपल्यासमोर तपासणी करून मागावी आणि विक्रेत्याने टाळाटाळ केल्यास तेच पत्र उत्पादकाच्या ग्राहक विभागाला पाठवावे.

मी स्वतः हेच केले आहे. जॉब कार्डाचा नमुना विक्रेता ठरवत नाही, तो उत्पादकाकडून येतो, म्हणून पत्राची प्रत दोघांनाही दिली आहे. नुकसानभरपाई मागितलेली नाही. घातलेल्या ऑइलचे माप व श्रेणी, फिल्टरचा भाग क्रमांक आणि चेनची मोजलेली ढील, एवढीच माहिती लेखी मागितली आहे. ही माहिती त्यांच्याकडे नसेल, तर त्या ओळींसमोरच्या खुणा कोणी आणि कशाच्या आधारावर केल्या, याचेही उत्तर त्यांनी द्यावे.

आपला नम्र,
एक दुचाकीस्वार वाचक