ब्रिटनमधल्या किशोर कादंबऱ्या: सुरुवात कुठून?

महोदय,

दहावी झालेल्या मुलांना इंग्रजी वाचायला काय द्यावं, असं विचारलं की बहुतेकांना जादूच्या शाळेची मालिकाच आठवते. ब्रिटन त्यापलीकडेही भरपूर आहे.

सुरुवात मार्क हॅडन यांच्या 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'पासून (२००३) करावी. स्विंडनमधला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर लहान, सरळ वाक्यांत बोलतो, त्यामुळे शब्दकोश फारसा लागत नाही. प्रकरणांचे क्रमांक २, ३, ५, ७ असे मूळ संख्यांचे आहेत. पानं गहाळ झालीत असं समजू नये. शिव्या मात्र आहेत, पालकांनी आधी चाळावं.

मग डोडी स्मिथ यांची 'आय कॅप्चर द कासल' (१९४८). सफोकमधल्या पडक्या किल्ल्यात राहणाऱ्या सतरा वर्षांच्या कॅसांड्राची ही रोजनिशी माझ्या मते या प्रकारातली सर्वांत सुंदर कादंबरी. तिचे तीन भाग वहीच्या किमतीवरून ओळखले जातात: सहा पेन्स, एक शिलिंग, दोन गिनी. इथेच आपली मुलं अडखळतात. १९७१पूर्वी १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड आणि २१ शिलिंगांची गिनी होती. म्हणजे शेवटची वही पहिलीच्या ८४ पट महाग! एवढा हिशेब पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून द्यावा.

ॲलन गार्नर यांची वेल्समधली 'द आउल सर्व्हिस' (१९६७) शेवटी ठेवा. ती जवळजवळ संवादांतूनच चालते, लेखक काही समजावून सांगत नाही. घाईने दिली तर मुलं अर्ध्यात सोडतात.

– एक ग्रंथपाल, नाशिक