लांबची सहल राहू द्या, तालुक्यातल्या वीरगळापर्यंत तरी न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रातले, एक जिंजी तेवढा तमिळनाडूत. बॅनर लागले, स्टेटस ठेवून झाले, आनंद मलाही झालाच. पण मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, त्यामुळे डोक्यात लगेच आलं की चौथीची पोरं वर्षभर पुस्तकात शिवाजी महाराज शिकतात, त्यातली किती पोरं शाळेसोबत एखाद्या गडावर जातात? सहल निघते ती वर्गणी काढून, आणि ज्यांचे आईबाप मजुरीला जातात ती मुलं नेमकी त्याच दिवशी "आजारी" पडतात. सगळ्या गुरुजींना ते माहीत असतं, कोणी बोलत नाही.

शाळेला अनुदान मिळत नाही असं नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान असतं, पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. त्यात किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे, मग लाईटबिल, खडू, रजिस्टर, फुटलेली कौलं, बिघडलेला नळ, हे सगळं त्यातच. आता यातून मुख्याध्यापकांनी एसटी बुक करायची म्हणजे शाळेचं लाईट कट करून घ्यायचं का?

आणि मी काय रायगडची दोन दिवसांची ट्रिप मागत नाहीये. आपल्याकडे कित्येक गावांत मारुतीच्या देवळामागे नाहीतर पारापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरलेला दगड, उभा असतो, कुठे शेंदूर फासलेला, कुठे त्यावर कपडे धुतात. पोरांना त्याच्यासमोर बसवा आणि खालून वर वाचायला सांगा. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाई पळवताना झालेली, मधे अप्सरा त्या वीराला वर घेऊन चालल्यात, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाई कोणी पळवल्या, तेव्हा गाईंसाठी माणसं मरायची का, याचं नाव का नाही लिहिलं, असे प्रश्न वर्गात बसून येत नाहीत हो, दगडाला हात लावला की येतात. (गाईडच्या पाठ केलेल्या भाषणाने पण येत नाहीत, हे जाता जाता.)

जुन्नरच्या पोरांना नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आणि शेजारचा दगडी रांजण, धाराशिवकडे तेरचं प्राचीन नगर, साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर, महाडला चवदार तळं, उरणला चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह. प्रत्येक तालुक्यात काहीतरी आहेच, आणि गड म्हणजेच इतिहास असंही काही नाही.

खर्च तरी किती? केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शालेय सहलीला एसटी ५० टक्के सवलत देते. म्हणजे राहिलं उरलेलं अर्धं भाडं, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि त्या जागेची नीट माहिती असलेल्या माणसाचं मानधन. हे शेवटचं टाळू नका, नाहीतर नुसते फोटो काढून परत येतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना म्हटलंय, पण त्या दिवसांत मुलांना कुठे न्यायचं तर आमच्या शाळेच्या हातात वेगळा रुपया नाही, मग पोरं दप्तर न आणता त्याच वर्गात बसतात.

पैसा कुठून आणायचा विचाराल तर जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गडकिल्ले, मंदिरं, संरक्षित स्मारकं यांच्या संवर्धनासाठी ठेवायचं राज्य सरकारनेच ठरवलंय. त्यातलाच छोटा हिस्सा, किंवा त्याच्या जोडीला खर्चाचं वेगळं हेड, "परिसर भेट" म्हणून जि.प. आणि नगरपालिका शाळांना द्या. दुरुस्त केलेला बुरुज बघायला तालुक्यातली पोरंच येणार नसतील तर तो दुरुस्त कोणासाठी केला? कंपन्यांच्या सीएसआरमध्येही, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीत, शिक्षण आणि वारसा दोन्ही बसतं, पण त्यावर विसंबू नये असं माझं मत, कंपन्या रोडलगतच्या चार शाळा धरतात आणि वाडी-वस्तीवरची शाळा राहते. शाळा व्यवस्थापन समित्यांनीही जरा हलायला पाहिजे, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शाळा विकास आराखडा आपणच करायचा असतो आणि अनुदान त्याच्या आधारावर असं लिहिलंय, तर त्यात हा खर्च नाव घालून मागा ना.

एकच विनंती अजून, पैसे द्याल तर मार्च एंडला देऊ नका, त्या उन्हात लहान पोरांना घेऊन कोण चढणार, आणि परीक्षा पण तोंडावर असतात. दिवाळीच्या आधी खात्यात पडले तर डिसेंबरात सगळा वर्ग जाऊन येईल.

आपला,
एक पालक