‘साकु’ म्हणणाऱ्या आक्कांना

आक्का, नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. मधलं काही गाळलं तर त्याचा कान धरा.

मागच्या साली मी संकेश्वरी मिरचीची विकत आणलेली रोपं लावली आणि आठ दिवसांत निम्म्यांनी माना टाकल्या. शिव्या नर्सरीवाल्याला दिल्या. चूक माझीच होती, हे यंदा कळलं.

यंदा बी तुमचं, वाफा माझा. मी सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन उभी. एक दिवस तुम्ही झारीच काढून घेतलीत. “साकु, साकु!” म्हणजे पुरे, पुरे. तुमचा हा कानडी शब्द आता आमच्या घरात पोरंही वापरतात, जेवताना. जास्त पाण्यानं रोपं बुडाशी कुजून कोलमडतात, आणि लावणीआधी आठेक दिवस पाणी तोडत आणलं की खोड चिवट होतं, असं म्हणालात. रोपं दुपारी मलूल दिसायची. आता उरलीसुरलीही घालवतात या, असं मनात आलं होतं. माफ करा.

काढायच्या दिवशी मात्र उलटंच! वाफा चिंब भिजवायला लावलात, म्हणजे मुळं न तुटता मातीसकट येतात. रोप धरायचं ते पानाला; पान तुटलं तर दुसरं फुटतं, खोड चेंबलं की संपलं. मी घाईनं मूळ दुमडून बोटानं कोंबत होते, तर तुम्ही अख्खी सरी परत काढायला लावलीत. तेव्हा रागच आला होता, खरं सांगते. मग तुम्ही खुरप्यानं खोल खड्डा केलात, मूळ सरळ सोडलंत, कडेनं माती हलकी दाबलीत. तेही ऊन कलल्यावर, रान वाफशावर, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही असं असताना. मागच्या साली मी भर दुपारी चिखलात लावली होती.

यंदा बाराशे रोपांत मेलेल्यांच्या जागी नवी लावून नांग्या भरायला लागल्या फक्त एकोणीस. पुढे काही झाडं पानं मुरडून बोकडली, ती उपटून पुरायला लावलीत, तेव्हा जीव तुटला. पण रोग बाकीच्यांवर फारसा सरकला नाही.

गडहिंग्लजच्या बाजाराला न्यायच्या आधी पहिल्या तोड्यातली दोन किलो वाळवून तुमच्यासाठी ठेवलीय. चांगल्या पाच झाडांवरची फळं बियाण्यासाठी पिकायला सोडली आहेत, त्यातलं निम्मं तुमचं. येताना डबा आणा.

तुमची,
बांधापलीकडची