पॉलिश आणि वॅक्स एकच नव्हे

संपादक महोदय,

कित्येक वर्षं मी भांड्यांच्या साबणानंच गाडी धूत आलो. फेस भरपूर, मळ झटकन निघतो. पण तेलकटपणा काढणारा हा साबण रंगाचं रक्षण करणारा वॅक्सचा थरही धुऊन नेतो, हे फार उशिरा कळलं. त्यात पुसायला जुन्या बनियनचं फडकं. एका सकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले आणि जीव हळहळला. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, केसाहूनही पातळ!

आता गाडीचाच शाम्पू, दोन बादल्या (एक फेसाची, एक हातमोजा खळबळायला) आणि मायक्रोफायबरचं फडकं. तेही जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय गाडीला लावत नाही. अडकलेला एक खडाही पुरतो.

खरी तक्रार बाटल्यांबद्दल आहे. पॉलिश पृष्ठभाग किंचित घासून ओरखडे काढतं, वॅक्स वर बसून त्याचं रक्षण करतं. दोन्ही सारख्याच चकचकीत बाटल्यांत शेजारीशेजारी मांडलेली असतात, आणि माणसं वॅक्स समजून दर महिन्याला पॉलिश घासत बसतात. आत घासणारे कण आहेत की नाहीत, हे उत्पादकांनी बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक